बिनखाड्याचे दिवस

संक्रांत होऊन चार दिवस झाले आणि आभाळ यायला लागलं. पावसाचे ते दिवस नव्हते. पण सकाळी उठून बघावं तर सूर्याच्या तोंडावर मळकट फडकं टाकल्यासारखं, आणि वारं पार पडलेलं.

व्यंकटचं रान सीमेपलीकडच्या कानडी मुलखातल्या राजेश्वर गावाच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून दोन मैल आत. पाच एकर तूर वाळून कडक झालेली. शेंगेला हात लागला की ती तडकन फुटायची आणि दाणा मातीत जायचा. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, राहिलेल्यांना ज्याचं त्याचं रान. म्हणून घरचीच तिघं पाच दिवसांपासून वाकलेली होती. व्यंकट, त्याची बायको रेणुका आणि लेक पल्लवी.

पल्लवी दहावीला होती. विळा असा चालवायची की व्यंकटला वळून बघावं लागायचं. डाव्या हातात झाड धरायचं, बुडात विळा घालायचा, एक हिसका. तळहातावरचे फोड फुटले होते, त्यावर तिनं ओढणीची चिंधी गुंडाळली होती.

"आज बी साळंला जायचं न्हाई का?" रेणुकानं विचारलं.

"नुसती उजळणी चालू हाय, आई. घरी वाचलं तरी चालतंय." पल्लवीनं वर बघितलं नाही.

"ऱ्हाऊ दे की. दोन माणसाचं काम करायलीय," व्यंकट म्हणाला.

सोयाबीन काढताना ती अशीच आली होती. दिवाळीनंतर ज्वारीच्या खुरपणीलाही. न सांगता, आपणहून. व्यंकटला वाटायचं, पोरगी समजूतदार निघाली.

दुपारी भाकरी सोडली तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडं बाईमाणूस होतं, कानडीत बोलत होतं. व्यंकटला बाजारापुरती कानडी यायची. भाव विचारणं, रस्ता विचारणं, एवढी. हे बोलणं भरभर होतं. त्याला 'पल्लवी' कळलं, 'हाजरी' कळलं आणि 'नाळे', म्हणजे उद्या, कळलं.

"उद्या साळंत बोलावल्यात मला," फोन ठेवून तो म्हणाला. "कामून गं?"

"मला काय ठाऊक," पल्लवी म्हणाली, आणि उठून कळशीकडं गेली. तिनं पाणी घेतलं नाही. नुसतीच कळशीवर वाकून उभी राहिली.

हायस्कूल रस्त्याच्या कडेला होतं. गावातली मराठी शाळा सातवीपर्यंतच. पुढं जवळपास हे एकच, आणि ते कानडी. आठवीत नाव घालायला व्यंकट आला होता, त्यानंतर आजच. व्हरांड्यात पोरांचा एक बुटका बाक टाकला होता. त्यावर बसलं की गुडघे छातीला लागत. शेजारी आणखी एक बाप बसला होता. चन्नवीर नावाचा, पलीकडच्या गावचा.

"आमचं पोरगं गणितात गेलंय," तो म्हणाला. "तुमचं?"

"पोरगी हाय. काय झालंय ते अजून कळलं न्हाई."

चन्नवीर आवाज खाली आणून म्हणाला, "पोरीला लई बोलू नका, अण्णा. आमच्या गावात गेल्या साली निकाल लागला त्या दिवशी बापानं एका पोरीला बोललं. दुपारी घरातनं गेली, सांजच्याला हिरीत घावली. तो बाप अजून रानात जात न्हाई."

व्यंकटनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आतून हाक आली तेव्हा तो उठून आत गेला.

वर्गाच्या शैलश्री बाई तिशीच्या होत्या. पहिली दोन वाक्यं त्या कानडीत बोलल्या, मग त्याचं तोंड बघून मराठीवर आल्या, कानडीतलं मानाचं 'री' तेवढं राहिलं.

"बसा री. पल्लवी आजारी होती का?"

"व्हय," व्यंकट म्हणाला. "बरं नव्हतं जरा."

"चाळीस दिवस?"

बाईंनी हजेरीपट त्याच्यापुढं फिरवला. एका नावापुढं आडव्या लाल रेघाच रेघा होत्या. मग त्यांनी उत्तरपत्रिका काढल्या. गणितात ऐंशीपैकी नऊ, विज्ञानात अकरा, कन्नडमध्ये चौदा. व्यंकटनं हात टेबलाखाली घेतले. नखांत तुरीचा चिकटा काळा बसला होता, आणि बाईंनी तो आधीच बघितला होता.

"पंच्याहत्तर टक्के हाजरी नसली तर परीक्षेला बसता येत नाही," बाई म्हणाल्या. "मी मोजून बघितलं. उद्यापासून एक बी खाडा पडला नाही तर जेमतेम भरते. एक जरी पडला तर माझ्या हातात काही नाही. आणि मारू नका री. विचारा. मी विचारलं की ती खाली बघते."

एका कागदावर सही करायची होती. व्यंकट एकेक अक्षर जोडत नाव लिहीपर्यंत दारात पाणी प्यायला आलेली तीन पोरं उभी राहून बघत होती.

मारायचं नाही हे त्यानं रस्ताभर स्वतःला सांगितलं. पण अंगणात पाय ठेवला तर पल्लवी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, आजीशी हसून काहीतरी बोलत होती. ते हसणं बघून त्याचं डोकं फिरलं.

"उजळणी चालू हाय?" तो म्हणाला. "चाळीस दिवस उजळणी?"

ती उभी राहिली. त्यानं तिच्या तोंडात मारली. शेंगांचं सूप उपडं झालं. शेजारचा प्रभुलिंग दावणीला बैल बांधत होता, त्यानं मान खाली घातली आणि दाव्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत बसला.

पल्लवी रडली नाही. गालावर हातसुद्धा नेला नाही.

"बास झाली साळा," व्यंकटची आई नागूबाई म्हणाली. "सोळा वर्षाची घोडी झाली. एखादं स्थळ बघा अन् उरकून टाका. कानडी साळंत घालून काय कलेक्टर व्हायलीय का?"

रेणुकानं लेकीला दंडाला धरून आत नेलं. बाहेर व्यंकट आपल्या तळहाताकडं बघत राहिला. तो अजून झिणझिणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी वेणी घालून, दप्तर घेऊन आठ वाजता निघाली. बस साडेआठला. व्यंकट आणि रेणुका तुरीत गेले.

नऊच्या सुमाराला प्रभुलिंग बांधावरून चालला होता. त्याची प्रियंका पल्लवीच्याच वर्गात.

"पल्लवी आज बी जायला न्हाई का?" त्यानं हाक मारून विचारलं. "आमची प्रियंका एकटीच बसली बशीत."

व्यंकटचा विळा हातातच होता. तो कधी पडला ते त्याला कळलं नाही. त्याला चन्नवीरचं तोंड दिसलं, खाली आलेला आवाज ऐकू आला. तो पळत सुटला. तुरीचे कापलेले खुंट टोकदार असतात, जपून चालावं लागतं. तो तसाच पळाला. पायातली चप्पल एकीकडं राहिली.

"अवो, कुठं जायलाव?" रेणुका ओरडली.

"हिरीकडं!"

तो शब्द ऐकला आणि तिनं हातातली पेंढी टाकली. मग ती उलट्या दिशेला, बसच्या पाऊलवाटेला, ज्वारीच्या रानातनं धावत निघाली.

विहिरीला दगडी पायऱ्या होत्या. व्यंकट शेवटच्या पायरीपर्यंत उतरला. पाणी हिरवं, स्थिर. मोटारीचा पाइप आणि त्याला लागलेलं शेवाळ. "पल्लवे!" त्यानं हाक मारली, आणि विहिरीनं ती तशीच परत दिली. त्यानं खाली बसून पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. कशासाठी घातला, काय लागायला हवं होतं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. हाताला काही लागलं नाही. तो पायरीवर बसून लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. वर जायचं आणि पुढं शोधायचं, एवढंही त्याला सुचेना.

तिकडं ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. पाती रेणुकाचे गाल कापत होती. अर्ध्या रानात ती थांबली. आवाज येत होता.

कानडी होती. क्षणभर तिला आपण माहेरी आहोत असं वाटलं. तिचं माहेर मुडबीच्या पलीकडं, कलबुर्गीच्या अंगाला. तिथं घरात, शेतात, देवळात सगळी कानडीच.

"बेरुगळु मण्णिनिंद नीरन्नु हीरिकोळ्ळुत्तवे. बेरुगळु मण्णिनिंद नीरन्नु..."

आवाज लेकीचा होता. तेच वाक्य, पुन्हा तेच, एका सुरात, पोथी वाचावी तसं. रेणुकानं ज्वारीची ताटं बाजूला सारली. पल्लवी ओलसर मातीत मांडी घालून बसली होती. मांडीवर विज्ञानाचं पुस्तक. काल मार बसलेल्या गालावर चार बोटं निळी उमटलेली.

रेणुका तिच्याजवळ कोसळलीच. तिनं पोरीचं तोंड चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले.

"आई, मला मारू नको," पल्लवी म्हणाली. "मी बशीपर्यंत गेलते. पाय चढलाच न्हाई."

"कामून गं माय? कामून?"

"मला काही कळत न्हाई तिथं."

"आता तर चांगलं घडाघडा वाचायलीस की."

"अक्षरं येतात. सगळी अक्षरं येतात मला. काय म्हणल्यात ते कळत न्हाई." तिचा आवाज चिरकला. "बोलणं थोडं कळतंय, पुस्तकातलं न्हाई. आठवीत, नववीत पाठ करून लिहिलं. आता प्रश्न फिरवून घालायल्यात. कुठलं उत्तर कुठं लिहायचं तेच ठाऊक न्हाई. बाई विचारल्या की सगळी पोरं मागं वळून बघतात."

रेणुका पुस्तकाकडं बघत होती. तिच्यासाठी ती सगळी वाकडी गोल रांगोळी होती. तिची शाळा दुसरीतच सुटलेली. पण कानात वाक्य अजून होतं.

"मुळं मातीतनं पाणी ओढून घेत्यात," ती म्हणाली.

"काय?"

"तू वाचलीस ते. बेरु म्हणजे मूळ. मण्णु, माती. मुळं मातीतनं पाणी ओढून घेत्यात, असं म्हणलंय."

पल्लवी तिच्याकडं बघतच राहिली. "हे तर मला ठाऊक हाय," ती हळू म्हणाली. "सातवीत होतं. मराठीत." मग एकदम तिनं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. "हे काय हाय? एलेगळु..."

"पानं."

"अन् हे? हे लांबडं? द्युतिसंश्लेषणे."

"ते मला न्हाई ठाऊक."

"ते मला कळालं. प्रकाशसंश्लेषण," पल्लवी म्हणाली. आणि मग तिला रडू आलं. कालचं, परवाचं, दोन वर्षांचं सगळं एकदम आलं. रेणुकानं तिचं डोकं पोटाशी धरलं. स्वतःचं रडणं तिनं दातांत दाबून ठेवलं, कारण तिला घाई होती. सूर्य वर आला होता आणि शाळेची घंटा दहाला व्हायची.

विहिरीवरून व्यंकटला तिनं हाकांनी आणलं. तो आला तेव्हा त्याचा एक हात भिजलेला होता आणि एका पायातनं रक्त येत होतं. त्यानं मोटारसायकल काढली, लाथ मारली, तिला मागं बसवली. खड्ड्यांतनं ते असे गेले की पल्लवीनं दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. किती वर्षांनी धरली होती. प्रार्थना संपली होती, पण शैलश्री बाईंनी अजून हजेरी घेतली नव्हती. त्यांनी खिडकीतनं व्यंकटचा अनवाणी रक्ताळलेला पाय बघितला आणि पल्लवीच्या नावापुढं हजर लिहिलं.

रेणुका लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं अंगणात कुणाला तरी पाणी मागितलं होतं, कानडीत. बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "आमच्या घरात हे यंडूगुंडू चालायचं न्हाई," नागूबाई म्हणाली होती. तेव्हापासून सतरा वर्षं या घरात तिच्या तोंडून कानडीचा एक शब्द निघाला नव्हता. भावाचा फोन आला तरी ती गोठ्यामागं जाऊन बोलायची. लेक झाली तेव्हा पाळण्यातसुद्धा ती मराठीतच गायली, जी अर्धी येत होती.

त्या संध्याकाळी चुलीपुढं ती भाकरी थापत होती आणि पल्लवी पाटावर बसून वाचत होती. पल्लवी अक्षरं म्हणायची, रेणुका त्यातले घरातले, रानातले शब्द उचलायची. जड शब्द आले की ते पल्लवीला मराठीवरून कळायचे. एखादं वाक्य दोघींनाही कळायचं नाही, तेव्हा पल्लवी त्याच्याखाली रेघ मारायची, उद्या बाईंना विचारायला. रेणुकाच्या तोंडात शब्द आधी अडखळले. मग सुटत गेले.

"काय लावलंय गं ते?" ओसरीवरनं नागूबाई ओरडली. "सांगितलं होतं न्हाई मी? यंडूगुंडू बंद कर."

रेणुकाचे हात पिठात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना.

व्यंकट दारात पाय पुढं करून बसला होता. पायाला हळद बांधलेली. "वाचू दे, आये," तो म्हणाला.

"तू बायकोचं ऐकून..."

"वाचू दे म्हणलं ना!" त्याचा आवाज इतका फाटला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "तुला ठाऊक न्हाई मी आज कुठं उतरलो होतो ते."

नागूबाईनं सुनेकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. काय झालं होतं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पण आपल्या नकळत काहीतरी होता होता राहिलं, एवढं त्या म्हातारीला कळलं, आणि ती भिंतीला टेकून बसली. त्यानंतर ती या बाबतीत कुरकुरली, पण तिनं अडवलं नाही.

व्यंकटची भीती मात्र तिथून सुरू झाली. रोज सकाळी तो खांद्यावर विळा टाकून लेकीच्या वीस पावलं मागून चालायचा. रानाची वाट दुसरीकडं होती. "इकडनं जवळ पडतंय," म्हणायचा. बस येईपर्यंत चिंचेखाली थांबायचा, ती चढली की बस वळणाआड जाईपर्यंत बघायचा. सांजच्याला बस पाच मिनिटं उशिरा आली तरी तो रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. त्या मारण्याबद्दल तो काही बोलला नव्हता. रोज बोलू म्हणायचा, तेवढ्यात बस यायची.

सहाव्या दिवशी पहाटेच गडगडलं. तीन एकर तूर कापून पेंढ्या रानात पसरलेल्या. उभ्या तुरीपेक्षा कापलेलीचं भय जास्त, भिजली की दाणा काळा पडतो. व्यंकट आणि रेणुका ताडपत्री घेऊन धावले. मागून पल्लवी आली, शाळेच्या कपड्यांत, दप्तर बांधावर फेकून.

"तू बशीला जा," व्यंकट म्हणाला.

"दोघांनी व्हायचं न्हाई, आप्पा. मी पेंढ्या देते, तुम्ही रचा."

"जा म्हणलं ना."

"एक दिवस! तूर गेली तर काय खायाचं?"

खरंच होतं तिचं. वर्षाचं पीक डोळ्यांपुढं पडलं होतं आणि पूर्वेकडनं पावसाची सर चालत येत होती, बांधावरची झाडं एकेक करून पुसली जात होती. तिसऱ्या हाताची त्याला कधी नव्हे एवढी गरज होती. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं पेंढी उचललीसुद्धा होती.

त्यानं ती तिच्या हातातनं ओढून घेतली. "भिजंल तूर," तो म्हणाला. "भिजू दे. तू जा." मग तिथंच, ओरडून, कारण वारं सुटलं होतं, "त्या दिवशी हात उचलला ते माझं चुकलं. पुन्हा न्हाई उचलणार. जा, बस जाईल!"

पल्लवी दोन पावलं मागं सरली. दप्तर उचललं आणि वाटेनं पळाली.

पाऊस आला. दोघांनी पेंढ्या ओढल्या, रचल्या. ताडपत्रीचं एक टोक वारं सारखं उलटवायचं. रेणुका त्यावर पालथी पडली आणि व्यंकटनं दगड आणून ठेवले. एक खुंट तिच्या टाचेत घुसला, तो तिनं तसाच उपटून फेकला. डोळ्यांत पाणी जात होतं, श्वास लागत नव्हता, लुगडं अंगाला चिकटून पाय उचलेना. निम्मी तूर झाकली गेली. निम्मी त्यांच्या देखत भिजली. पाऊस अर्धा तासच होता. थांबला तेव्हा दोघं चिखलात बसून राहिले.

"बस घावली असंल का तिला?" रेणुकानं विचारलं.

"घावली. हॉर्न ऐकला मी," व्यंकट म्हणाला. त्यानं ऐकला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो रस्त्याकडं कान लावून होता. पल्लवी साडेपाचच्या बसमधनं उतरली तेव्हा तिचे केस अजून ओले होते.

त्यानंतर एकदा तिला ताप आला. ती अंगावर शाल घेऊन गेली आणि शैलश्री बाईंच्या परवानगीनं शेवटच्या बाकावर झोपली. एकदा बस फेल झाली, तेव्हा व्यंकटनं भिजल्या तुरीची मळणी अर्ध्यावर सोडून तिला पोचवली, आणि मशीनवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. काळी तूर कमी भावानं गेली. खाडा पडला नाही.

मार्चमध्ये हॉल तिकीट आलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी रेणुका बरोबर गेली. परीक्षेच्या खोलीत कॅमेरे बसवलेत, मान वळवली तरी दिसतंय, असं प्रियंकानं सांगितलं होतं. तेव्हापासून पल्लवी मान सरळ धरून बसायची सवय करत होती. कुंपणाबाहेर लिंबाच्या सावलीत आयाबाया बसल्या होत्या. त्यांची कानडी ऐकत रेणुकाही बसली. कुणीतरी कानडीत विचारलं, "मुलगी परीक्षेला बसलीय काय?" तेव्हा तिनं कानडीतच उत्तर दिलं, आणि कुणी हसलं नाही.

पल्लवी बाहेर आली. रेणुका तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"प्रश्न कळाले, आई," ती म्हणाली.

एवढंच. पण गणिताच्या पेपरानंतर ती काहीच बोलली नाही. गणितात मुळं नव्हती, पानं नव्हती, माती नव्हती. तिथं रेणुकाचा काही उपयोग झाला नव्हता, आणि बाईंनी मधल्या सुट्टीत शिकवूनही दोन वर्षं बुडालेलं दोन महिन्यांत भरून निघालं नव्हतं.

निकाल मे महिन्यात लागला. ऊन इतकं की दुपारी कुत्रीसुद्धा नालीत बसायची. व्यंकटनं दोन दिवस आधीच रानातलं काम बंद ठेवलं. फवारणीच्या औषधांची कोठी होती, तिला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. रेणुकानं ते बघितलं आणि दुसरीकडं वळली.

प्रभुलिंगच्या फोनवर निकाल बघितला. प्रियंका पास झाली होती. तिच्या घरून पेढे आणायला माणूस गेला. मग पल्लवीचा नंबर घातला. फोन गोल गोल फिरत राहिला. व्यंकटला वाटलं, हे असंच फिरत राहावं.

पल्लवीनं स्वतः वाचलं. "कन्नड एक्कावन्न. विज्ञान बेचाळीस. समाज सत्तेचाळीस." तिनं आणखी दोन विषय वाचले आणि थांबली. "गणितात गेले. सहा मार्कानं."

नागूबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. व्यंकटच्या डोक्यात बोलायचं सगळं तयार होतं. हरकत न्हाई म्हणायचं, हसायचं, पाठीवर हात ठेवायचा. पंधरा दिवस त्यानं मनात घोकलं होतं. आता त्यातला एक शब्दही आठवेना.

पल्लवीनं फोन प्रभुलिंगच्या हातात दिला. घरात गेली, पाणी प्याली, आणि चप्पल घालून बाहेर आली.

"मी जरा जाऊन येते," ती म्हणाली.

"कुठं?" रेणुकानं विचारलं. पण ती तोपर्यंत गल्लीच्या वळणावर पोचली होती.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. व्यंकट उठला, आणि पायात काही न घालता निघाला. रस्ता तव्यासारखा तापला होता. पुढं पन्नास पावलांवर लेकीची पाठ दिसत होती. हाक मारावी तर तिला वाटेल बाप रागावलाय. न मारावी तर ती पुढं जाईल. गल्ली संपते तिथं दोन वाटा फुटतात. डावीकडची रानाकडं, विहिरीवरनं. उजवीकडची वरच्या आळीला. व्यंकटनं पावलं वाढवली.

पल्लवी उजवीकडं वळली.

वरच्या आळीत सिद्धलिंगप्पा राहायचे. म्हातारे, नोकरीतनं निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. गुडघे धरल्यामुळं घराबाहेर पडत नसत. पल्लवी त्यांच्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. आतून खोकल्याचा आवाज आला, मग खाटेची कुरकुर. ती आत गेली. व्यंकट समोरच्या भिंतीच्या हातभर सावलीत पाय पोटाशी घेऊन उकिडवा बसला.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि त्याला बघून थांबली.

"आप्पा? तुम्ही कामून आलाव?"

"असंच," व्यंकट म्हणाला. त्याला उठता येईना. पायांची कातडी भाजली होती.

पल्लवीनं त्याच्या पायांकडं बघितलं. मग तोंडाकडं. तिनं खाली वाकून त्याला हात दिला.

"मी कुठं जात न्हाई, आप्पा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत परीक्षा हाय. निस्तं गणितच राहिलंय. मास्तर म्हणाले, रोज सकाळी सहाला ये. उशीर चालायचा न्हाई म्हणाले."

व्यंकट उठला. तिनं तिच्या चपला काढून त्याच्यापुढं ठेवल्या. त्या त्याच्या निम्म्या पायालासुद्धा पुरत नव्हत्या. तरी त्यानं बोटं आत घातली, आणि दोघं हळूहळू, सावली बघत, घराकडं निघाले. वळणावर रेणुका पदर डोक्यावर धरून उभी होती. लांबूनच पल्लवीनं तिला हाक मारली, कानडीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.